भक्ती सुटल्यावर

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास बारामतीतल्या एखाद्या ख्रिस्ती घरी फोन लावला, तर पलीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : "आत्ताच भक्ती सुटली, वाटेत आहे." शाळा सुटते, कारखान्याची पाळी सुटते, एसटी सुटते, तशी इथे भक्ती सुटते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. ज्या गावांवरून दर आषाढीला तुकोबांची पालखी जाते, त्या गावांत भक्ती सुटणं म्हणजे माणूस वाया जाणं. पण ख्रिस्ती घरांत रविवारच्या उपासनेलाच 'भक्ती' म्हणायची रीत इतकी मुरलेली आहे की त्यातली गंमत कुणाच्या लक्षातही येत नाही. भक्तीला जायचं, भक्तीला उशीर झाला म्हणून मागच्या बाकावर बसायचं, भक्ती सुटली की दाराशी चपला शोधायच्या.

हे पुस्तक चपला सापडल्यानंतरचं आहे. रविवारच्या दुपारपासून पुढच्या रविवारच्या सकाळपर्यंत बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली ख्रिस्ती माणसं आपली श्रद्धा कुठे ठेवतात, कशी वापरतात, कधी विसरतात, याची ही नोंद आहे.

आणि रविवारही काही साऱ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. बारामतीचा आठवडे बाजार गुरुवारी, इंदापूरचा रविवारी. एवढ्या एका गोष्टीने दोन गावांतल्या श्रद्धेचा पोत बदलतो. इंदापुरात भाजी विकून पोट भरणाऱ्या बाईला पाळक सांगतात, प्रभूचा दिवस पाळा. आणि तिची आठवड्याची निम्मी मिळकत त्याच दिवशी व्हायची असते. या पुस्तकात अशी एक आजी भेटेल. पहाटे डोक्यावर पदर घेऊन ती नातवाकडून एक स्तोत्र वाचून घेते, कारण तिला स्वतःला वाचता येत नाही. मग जुड्या बांधून टेम्पोत टाकायच्या. बाजारात पहिलं गिऱ्हाईक झालं की त्याचे पैसे ती लुगड्याच्या सोग्याला वेगळ्या गाठीत बांधते. ते अर्पणाचे. "भवानीचे पैसे देवाचे," असं ती सरळ म्हणते. पाळकांनी एकदा हळूच सुचवलं होतं, की आजी, 'पहिली विक्री' म्हणत जा. तिने मान डोलावली आणि पुढच्या रविवारी पुन्हा भवानीचेच पैसे आणून दिले. ते पेटीत पडले.

मला विचाराल तर या पुस्तकाचा सगळा विषय त्या गाठीत आहे. बाकी मी पुढे जे लिहितो आहे ते नव्या वाचकासाठी, ज्याला हा मुलूख माहीत आहे पण ही माणसं माहीत नाहीत, किंवा माणसं माहीत आहेत पण त्यांच्यामागची वाट माहीत नाही.

रोजच्या कामालाच उपासना मानण्याचा विचार ख्रिस्ती जगात पहिल्यापासून आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 12व्या अध्यायात पौल जिवंत यज्ञ म्हणून शरीरच मागतो. म्हणजे हात, पाठ, पाय, सगळं आलं. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठातल्या दिवसाचे तास प्रार्थना आणि मेहनत यांत वाटून दिले. सोळाव्या शतकात ल्यूथरने सांगितलं की मोच्याचा आणि मोलकरणीचा धंदाही देवाने दिलेलं पाचारणच आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठातला लॉरेन्स नावाचा आचारी भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलत राहिला आणि त्याच्या मागे त्याची पत्रं जगभर वाचली गेली.

आपल्याकडे मात्र हे कुणाला परदेशातून येऊन शिकवावं लागलं नसतं. इंदापुरातून भीमा ओलांडली की माढा तालुका. तिथलं अरण हे सावता माळ्याचं गाव. पंढरी इतकी जवळ असून मळा सोडून न जाणारा हा संत इथल्या पोराटोरांना माहीत आहे. गोरोबांचा चिखल, जनाबाईचं जातं हे सांगायलाच नको. म्हणून बारामती-इंदापूरच्या ख्रिस्ती माणसाने काम करता करता प्रार्थना केली तर शेजाऱ्याला ती परकी वाटत नाही. पण म्हणून दोन्ही एकच, असं म्हणायची घाईही करू नये. सर्वधर्मसमभावाच्या भाषणांत ती घाई नेहमी होते, आणि त्यात दोन्हीकडचं काहीतरी हरवतं.

मराठीतली ख्रिस्ती वाट सुरू होते गोव्यातून. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1616 साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं : मराठी ओवी, जवळपास अकरा हजार. पुराण ऐकत वाढलेल्या माणसाला धर्म बदलला तरी संध्याकाळी ऐकायला काहीतरी लागतं, हे त्या परक्या माणसाला कळलं होतं. पुढे दोन शतकं देशावर या वाटेचा फारसा माग लागत नाही. मग 1813 साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, 1831 साली अहमदनगरला पोचले, 1842 साली तिथून 'ज्ञानोदय' निघू लागलं. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळा आल्या. जोतीराव फुले त्यांतल्याच एकीत शिकले. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857ची. या काळातली ख्रिस्ती श्रद्धा मुख्यतः वाचणारी आणि वाद घालणारी आहे. शाळा, छापखाना, पत्रक, प्रश्नोत्तरं. जो ख्रिस्ती झाला तो घरातून बाहेर पडला किंवा काढला गेला, आणि मिशनच्या आवारात राहायला आला. तिथे घंटा होती, घड्याळ होतं, सारवलेल्या भिंतीवर वचन लिहिलेलं होतं. रोजच्या जगण्यातली श्रद्धा म्हणजे आवारातली शिस्त, असा अर्थ तेव्हा पक्का झाला. तो अजून पुरता गेलेला नाही.

श्रद्धेची खरी सीमा मात्र पुस्तकात नव्हती, पेल्यात होती. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली आणि समोर चहा आला. त्या चहापायी रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. मला ही हकिगत सांगायला आवडते, कारण एका कपाने धर्म बाटतो असं मानणारा समाज 'रोजच्या जगण्यातला धर्म' म्हणजे काय हे कोणत्याही धर्मपंडितापेक्षा नेमकं ओळखून होता. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या विहिरीचं पाणी भरायचं, हाच तो धर्म होता. इथे ख्रिस्ती होणं म्हणजे आधी एका पंगतीतून उठणं होतं. दुसऱ्या पंगतीत बसणं मागाहून आलं.

त्यानंतर दोन माणसांनी ही वाट वळवली. त्यांच्यावाचून हे पुस्तक झालंच नसतं. पहिले नारायण वामन टिळक. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर नगरला राहून त्यांनी ख्रिस्ती मराठीला अभंग, भजन आणि कीर्तन परत मिळवून दिलं. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते उघड सांगत. 1917 साली त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच काय, न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार विसकटला, गाणी राहिली. आजही या दोन तालुक्यांत दुःखाच्या घरी पहिलं गाणं टिळकांचं निघतं, पेटी असो नसो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'चं तर मी काय सांगावं. एवढंच म्हणतो, की सोवळं हळूहळू कसं सुटतं, नव्या धर्माची माणसं आधी कशी परकी वाटतात आणि मग घरची कशी होतात, हे स्वयंपाकघरातून सांगणारं त्या तोडीचं पुस्तक ख्रिस्ती मराठीत पुन्हा झालं नाही.

दुसऱ्या पंडिता रमाबाई, आणि त्या तर आपल्या शेजारच्याच. बारामतीहून दौंडला जाऊन पुण्याची गाडी धरली की वाटेत केडगाव लागतं. 1896-97च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो बायका-मुली उचलून आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभं राहिलं. 1905 साली तिथे प्रार्थनेची अशी लाट आली की तिची बातमी परदेशांत पोचली. जगभरच्या पेंटेकॉस्टल मंडळ्या आपल्या इतिहासात तिची नोंद करतात. पण मला त्या लाटेपेक्षा तिथलं वेळापत्रक मोठं वाटतं. तेलघाणा, विणकाम, गुरं, बेकरी, छापखाना : सगळं बायका चालवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवलं, आणि त्याचे खिळे जुळवले ते दुष्काळातून वाचलेल्या मुलींनी. 1922 साली रमाबाई गेल्या, बायबल 1924 साली बाहेर पडलं. टाकलेल्या मुलीने शास्त्राची ओळ अक्षर-अक्षर करून शिशात उभी करायची, याहून रोजची अशी उपासना मला ठाऊक नाही.

आता खुद्द बारामती. इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट'चे मिशनरी आले. या परंपरेची दोन लक्षणं लक्षात ठेवावीत. एक, प्रभुभोजन दर रविवारी. महिन्या-दोन महिन्यांनी नव्हे. दोन, बाप्तिस्मा जाणत्या वयात आणि पूर्ण बुडवून. आता ज्याने बारामतीचा जिरायती पट्टा उन्हाळ्यात पाहिला आहे त्याने विचार करावा. निरेचा डावा कालवा 1885 साली झाला, त्याच्या खालची गावं हिरवी झाली, वरची तशीच राहिली. तिथे प्यायला पाणी नाही आणि धर्म म्हणतो बुडायला हवं! पाण्याची वाट बघणं हा इथल्या ख्रिस्ती जीवनाचा भाग झाला तो असा.

मिशनच्या कामाची एक अवघड बाजूही आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली, जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना हजेरीत ठेवायची सेटलमेंट बारामतीत होती आणि तिथल्या कामात हे मिशन होतं. दिवसाची हजेरी घेणारा आणि प्रार्थना सांगणारा एकाच आवारातला असेल, तर आपण आलो ते कशासाठी, हे माणसाने स्वतःला तरी कसं सांगावं? पुस्तकात या आठवणी आहेत. त्या गोड नाहीत, आणि लेखकाने त्या गोड केलेल्या नाहीत.

आणि मग पाझर तलाव. 1960च्या दशकाच्या अखेरीला तालुक्यावर दुष्काळ आला, तेव्हा मिशनमधल्या हेझल स्कूस आणि त्यांच्यासोबतच्या एडना वाझिफदार यांनी 'कासा' या चर्चच्या मदतसंस्थेकडून धान्य मिळवलं. ते नुसतं वाटलं नाही. माती उचलणाऱ्याला कामाच्या बदल्यात दिलं. तेव्हाचे तरुण आमदार शरद पवार त्यात होते, गावोगावचे लोक होते, आणि ओढ्यांवर बंधारे पडत गेले. पुढे 1971 साली अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने बारामतीत कृषी विकास प्रतिष्ठान उभं राहिलं, त्याच्या आधीचा हा धडा. त्या तलावांवर क्रूस नाही, वचन कोरलेलं नाही. मी एका तलावाच्या भरावावर उभा राहून शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, हा कुणी बांधला? तो म्हणाला, "गव्हाचा तलाव आहे हा. माझ्या बापाने बांधला." बाप गव्हावर खोदायला होता. मिशनबाई त्याला आठवत नव्हती, आणि मला वाटतं मिशनबाईंना त्याचं वाईट वाटलं नसतं.

अभ्यासकांच्या नजरेने पाहिलं तर आज या भागात श्रद्धा जगण्याच्या निदान चार तऱ्हा एकमेकींत मिसळून आहेत. जुन्या मिशनच्या मंडळ्या. त्यांचा कणा अजूनही शाळा, दवाखाना आणि 'उपासना संगीत'. कॅथलिक घरं, त्यांच्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, आणि सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जायची ओढ तर वारीसारखी. तिसरी तऱ्हा 'संगती'ची : पत्र्याच्या शेडमध्ये किंवा कुणाच्या ओसरीवर जमणाऱ्या नव्या मंडळ्या, पास्टर, कीबोर्ड, उपवास-प्रार्थना, आजाऱ्यावर हात ठेवणं. सुशिक्षित ख्रिस्ती माणूस त्यांच्याकडे नाक मुरडून पाहतो. मीही पाहायचो. पण दारुड्या नवऱ्याच्या घरात रात्री अकराला प्रार्थनेला माणसं येऊन बसतात ती या शेडमधून येतात, जुन्या चर्चच्या कमिटीतून क्वचितच. समृद्धीच्या नावाखाली दशांश उकळणारे पास्टरही याच शेडमध्ये सापडतात. पुस्तक दोन्ही सांगतं.

चौथी तऱ्हा प्रश्न विचारणारी. या भागातली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबं महार-मांग वस्त्यांतून आली. 1981 साली बेंगळुरूच्या एका व्याख्यानात अरविंद निर्मळ यांनी विचारलं, की आमचं धर्मशास्त्र आमच्या वाट्याला आलेल्या अपमानापासून का सुरू होत नाही? दलित ईश्वरविज्ञान म्हणून पुढे जे ओळखलं गेलं ते त्या प्रश्नातून. हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना अजून नाही. 2022 साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला गेला. त्यामुळे इंदापूर तालुक्यात एकाच भावकीत तीन भाऊ भेटतात : एक बौद्ध, एक कागदावर हिंदू आणि घरात ख्रिस्ती, एक दोन्हीकडे ख्रिस्ती. आडनाव एक, विहीर एक, दाखले निराळे. कागदावरच्या भावाला मंडळीतले लोक भित्रा म्हणतात. त्याच्या मुलीची फी कोण भरणार हे मात्र कुणी विचारत नाही. श्रद्धा रोज जगायची म्हणजे तहसील कचेरीच्या खिडकीशीही जगायची, आणि तिथे कोणता रकाना भरायचा याला कोणत्याही स्तोत्रात उत्तर नाही.

हे पुस्तक आत्ताच का? 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे 10.8 लाख, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. त्यातले बरेच मुंबई-वसई-पुण्याच्या अंगाला. मराठी वाचकाला ख्रिस्ती म्हटलं की वसई आठवते, फादर दिब्रिटो आठवतात, किंवा वांद्र्याचं मार्केट. देशावरचा शेतमजूर ख्रिस्ती, ऊसतोडीच्या टोळीतला ख्रिस्ती, बारामतीच्या एमआयडीसीत तीन पाळ्यांत फिरणारा ख्रिस्ती हा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. दुसरीकडे घरात चार माणसं प्रार्थनेला जमली तरी गल्लीत संशय उभा राहण्याचे दिवस आले आहेत. अशा वेळी माणसं खरोखर काय करतात हे नीट लिहून ठेवणं बरं. आणि तिसरं कारण घरचंच : मुलं हडपसर-चिंचवडला गेली, ती यूट्यूबवर इंग्रजी गाणी लावतात, ढोलकी माळ्यावर गेली. ज्यांना सुगीच्या सणाचा लिलाव आठवतो ती पिढी सत्तरीत आहे.

त्या लिलावाबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून मला राहवत नाही. सुगीच्या रविवारी लोक पहिलं पीक वेदीपाशी आणून ठेवतात : शाळूची कणसं, भोपळा, डाळिंबं, अंडी, एखादी कोंबडी पाय बांधून. भक्ती सुटली की अंगणात लिलाव. मी पाहिला त्यात एका म्हाताऱ्याने आणलेला काशीफळ भोपळा चाळीस रुपयांवरून सुरू झाला. बोली दोनशेवर गेली, घेणाऱ्याने पैसे दिले आणि भोपळा पुन्हा लिलावाला ठेवला. दुसऱ्याने घेतला, त्यानेही परत ठेवला. पाच वेळा विकला गेला तो भोपळा. शेवटी ज्याने घेतला त्याने तो म्हाताऱ्याच्याच पिशवीत घातला, कारण त्याच्या घरी त्या दिवशी भाजी नव्हती हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. म्हातारा मात्र बडबडत होता, की माझंच अर्पण मला कसं परत देता, हे शास्त्रात बसत नाही. बसत नसेलही.

पुस्तकाची बांधणी सनावळीने किंवा पंथांनी केलेली नाही. लेखकाने आठवड्याचे वार धरले आहेत, कारण माणसं आठवणी सांगताना वारांनीच सांगतात : बुधवारची बायकांची प्रार्थना, गुरुवारचा बाजार, शुक्रवारचा उपास, शनिवारी रात्रपाळी. त्यामुळे काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात आणि काहींना जागाच मिळत नाही. तरुण मुलांबद्दल मला आणखी वाचायला आवडलं असतं. मंडळीच्या आत जात कशी टिकून आहे, सोयरीक जमवताना कोणाचं मूळ गाव का विचारलं जातं, यावर लेखक थोडक्यात आटोपतो. तिथे त्याने हात आखडता घेतला असं मी त्याला तोंडावर सांगितलं आहे. त्याचं म्हणणं, लोक बोलले तेवढंच लिहिलं. पण लोक जे बोलले ते त्याने त्यांच्याच भाषेत ठेवलं, 'परमेश्वराची आराधना' वगैरे साबण लावून धुतलं नाही, हे या पुस्तकाचं मोठं काम आहे. भवानी भवानीच राहिली आहे.

छापायला देण्याआधी लेखकाने प्रत्येकाचा भाग ज्याचा त्याला वाचून दाखवला. इंदापूरला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. रविवारच, त्यामुळे आजी बाजारात. तिच्या पाटीशेजारी पोत्यावर बसून त्याने वाचायला सुरुवात केली. मधेमधे गिऱ्हाईक येई, ती हात वर करून त्याला थांबवी, सुटे पैसे मोजी, आणि "हं, वाचा" म्हणे. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, बाकी बरोबर आहे, पण तुम्ही मेथीच्या जुड्या लिहिलंय. त्या पहाटे मेथी नव्हती, शेपू होता. मेथी किडीने गेली होती त्या साली. लेखकाने खिशातलं पेन काढून तिथल्या तिथे दुरुस्ती केली.